नाताळचे टीव्ही रहस्यपट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी धाकटी बहीण कॅनडात लँगलीला राहते. तिच्यामुळे मला या सिनेमांचं वेड लागलं आणि माझ्यामुळे आईला. आता दर नोव्हेंबरात नातेवाईक, शेजारी आणि ऑफिसातले लोक तेच ते प्रश्न विचारतात. एकदाच सगळी उत्तरं लिहून ठेवते.

हे नक्की कुठले सिनेमे? थिएटरला लागतात का?

नाही. हे थेट टीव्हीसाठीच बनतात. छोटं गाव, बर्फ, दिव्यांच्या माळा, बेकरी किंवा पुस्तकांचं दुकान चालवणारी नायिका, आणि एक कोडं. कधी खून, कधी चोरी, तर कधी भिंतीत सापडलेलं जुनं पत्र. दीड तासात कोडं सुटतं, दोघं जवळ येतात, चर्चमध्ये गाणी होतात. अमेरिकेत हॉलमार्क, लाइफटाइम आणि ग्रेट अमेरिकन फॅमिली या वाहिन्या असे सिनेमे दाखवतात. त्यातही रहस्याची गादी हॉलमार्ककडे आहे.

हॉलमार्क म्हणजे ते शुभेच्छापत्रंवाले ना?

तेच. जॉइस हॉल (नाव बायकी वाटलं तरी हा पुरुष) १९१० साली पोस्टकार्डांनी भरलेले बुटांचे दोन खोके घेऊन कॅन्सस सिटीला आला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्या खोक्यांतून कंपनी उभी राहिली. १९७३ पासून ती नाताळच्या झाडाला टांगायच्या शोभेच्या वस्तूही विकते. त्यामुळे सिनेमात नायिका आजीच्या पेटीतून जुना काचेचा तारा काढून डोळे पुसते, तेव्हा मागे दुकानदार उभा आहे हे विसरू नका. मी विसरते, ती गोष्ट वेगळी.

पण टीव्हीशी त्यांचं नातं फार जुनं आहे आणि ते मला मनापासून आवडतं. २४ डिसेंबर १९५१ च्या रात्री एनबीसीवर ‘अमाल अँड द नाइट व्हिजिटर्स’ हा जियान कार्लो मेनोट्टीचा ऑपेरा लागला. टीव्हीसाठी मुद्दाम लिहून घेतलेला तो पहिला ऑपेरा, आणि हॉलमार्कच्या नाट्यमालिकेची सुरुवातही त्यानेच झाली. गोष्ट अशी. एक लंगडा मुलगा आणि त्याची विधवा आई. बाळ येशूला भेटायला निघालेले तीन राजे रात्रीपुरते त्यांच्या झोपडीत उतरतात. सगळे झोपल्यावर आई त्यांच्या सोन्याला हात घालते आणि पकडली जाते. राजा म्हणतो, राहू दे तुलाच, ज्याच्याकडे आम्ही निघालोय त्याला सोन्याची गरज नाही.

म्हणजे रात्रीची चोरी, जागेवर पकडलेला चोर, आणि माफी. आजच्या नाताळी रहस्यपटाची सगळी हाडं या गोष्टीत आहेत असं मला वाटतं.

पुढची तारीखवारी थोडक्यात: हॉलमार्क चॅनल २००१ मध्ये सुरू झालं. २००९ पासून नाताळची उलटी गणती म्हणून सलग सिनेमे दाखवायची प्रथा पडली. रहस्यपटांच्या वेगळ्या वाहिनीला २०१४ मध्ये ‘मूव्हीज अँड मिस्टरीज’ हे नाव मिळालं, २०२४ मध्ये ते ‘हॉलमार्क मिस्टरी’ झालं.

सणासुदीला खून? नाताळचा आणि रहस्याचा काय संबंध?

हा आईचा प्रश्न. “आपण दिवाळीत असलं काही बघतो का गं?” बघत नाही, पण वाचतो की! दिवाळी अंकात गूढकथा नसली तर तीच कुरकुरते.

इंग्लंडातही तसंच होतं. थंडीत चार वाजताच अंधार, बाहेर पडायची सोय नाही, घर पाहुण्यांनी भरलेलं, शेकोटीभोवती भुताखेताच्या गोष्टी. मासिकांचे नाताळ विशेषांक निघायचे. आपल्याकडे का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, त्याच्या बावीस वर्षं आधी, १८८७ साली, ‘बीटन्स ख्रिसमस अॅन्युअल’मधून एक नवा गुप्तहेर लोकांसमोर आला. त्याचं नाव शेरलॉक होम्स. होम्सचा जन्मच नाताळ अंकातला, तर नाताळला रहस्य वर्ज्य कसं असेल?

आणि याच होम्सची १८९२ च्या जानेवारीत छापलेली ‘ब्लू कार्बंकल’ची गोष्ट म्हणजे या प्रकाराची पणजी. नाताळच्या पहाटे एक माणूस हंस घेऊन घरी चाललेला असतो. रस्त्यात मारामारी होते, त्याची टोपी आणि हंस तिथेच पडतात. हंस कापला तर आत एका सरदारपत्नीचं चोरीला गेलेलं निळं रत्न! होम्स टोपीवरून माणूस ओळखतो, हंसावरून चोरापर्यंत पोचतो. चोर पाय धरून रडतो. होम्स दार उघडतो आणि म्हणतो, चालता हो. त्याचा हिशोब असा: ज्याच्यावर खोटा आळ आलाय तो आता सुटेलच, हा भित्रा माणूस पुन्हा असं करायचा नाही, आणि तुरुंगात टाकला तर मात्र कायमचा गुन्हेगार होईल. शिवाय दिवस क्षमेचे आहेत.

(रत्न हंसाच्या गळ्यातल्या अन्नपिशवीत सापडतं असं गोष्टीत लिहिलंय. कोंबडीला ती पिशवी असते, हंसाला नसते. वाचकांनी ही चूक कधीच पकडली. गोष्टीचं काही बिघडलं नाही.)

गंमत म्हणजे ग्रॅनाडा टेलिव्हिजनने जेरेमी ब्रेटला घेऊन या कथेचा भाग केला तो १९८४ च्या जूनमध्ये दाखवला. ऐन उन्हाळ्यात.

मग यात खून असतो की नसतो?

दोन जाती आहेत.

पहिल्या जातीत खून असतोच, पण पडद्याबाहेर. दार उघडतं, नायिका दचकते, जाहिरात लागते. रक्त नाही, सुरा नाही. याला तिकडे ‘कोझी’ म्हणतात, गोधडीत बसून बघण्याजोगं.

दुसऱ्या जातीत गुन्हाच नसतो, कोडं असतं. दर वर्षी कुणीतरी गावातल्या गरजू घरापुढे पैशांचं पाकीट ठेवतं, कोण ते? साठ वर्षांपूर्वीचं न पोचलेलं पत्र सापडलं, कुणासाठी होतं? गोठ्याच्या देखाव्यातला बाळ येशू गायब झाला, कुणी नेला? मला ही दुसरी जात जास्त आवडते. एरवीच्या रहस्यकथेत “कुणी केलं?” हा प्रश्न दाताखाली धरून विचारलेला असतो. इथे तोच प्रश्न कृतज्ञतेने विचारला जातो. “हे आमच्यासाठी कुणी केलं?”

खुनाच्या सिनेमात गोड ते काय?

उदाहरणच देते. नोव्हेंबर २०१५ चा ‘मर्डर, शी बेक्ड: अ प्लम पुडिंग मिस्टरी’. जोआन फ्लूक यांच्या कादंबरीवरून केलेला. मिनेसोटातलं लेक ईडन हे काल्पनिक गाव. हॅना स्वेन्सन ‘कुकी जार’ नावाची बेकरी चालवते. भूमिका ॲलिसन स्वीनीची. नाताळची झाडं विकणाऱ्या माणसाचा खून होतो आणि हॅना त्यात नाक खुपसते. तिच्या मागे दोघं जण: एक पोलीस, एक दातांचा डॉक्टर. शिवाय लग्न कर म्हणून पिच्छा पुरवणारी आई. हे शेवटचं पात्र आमच्या घरी सगळ्यांना लगेच ओळखू आलं.

यात मेख अशी की मेलेला माणूस कुणाचा जिवलग नसतो. पैशांच्या व्यवहारात खोटा, अर्ध्या गावाशी वाकडं. त्यामुळे प्रेक्षकाला शोक करावा लागत नाही आणि संशयित मात्र भरपूर मिळतात. होम्सने चोराला माफ केलं, पण खुन्याला माफ करता येत नाही. मग हे सिनेमे दुसरी वाट काढतात. दुःख इतकं लहान करतात की ते कुकीबरोबर खाली उतरावं. मला ही थोडी लबाडी वाटते. पण बघते.

प्लम पुडिंग म्हणजे आपला प्लम केकच ना?

नाही हो! केक भाजतात, हे तासन्‌तास वाफवतात. त्यात प्लमही नसतात. जुन्या इंग्रजीत मनुका-बेदाण्यांना प्लम म्हणत, म्हणून ते नाव. पारंपरिक पाककृतीत जनावराची चरबी घालतात, तेव्हा शाकाहारी मंडळींनी चौकशी करून खावं. काही आठवडे मुरवून ठेवतात आणि नाताळच्या जेवणात वरून ब्रँडी ओतून पेटवून आणतात. मिश्रण ढवळायला घरातल्या प्रत्येकाने हात लावायचा आणि मनात इच्छा धरायची. आत चांदीचं नाणं, अंगठी, अंगुस्तान, बटण असं काहीबाही घालतात. ज्याला अंगठी त्याचं लग्न, ज्याला बटण तो ब्रह्मचारी.

आता सांगा, ज्या पदार्थात वस्तू लपवायची रीतच आहे, तो रहस्यकथा लिहिणाऱ्याच्या हातून सुटेल? अगाथा ख्रिस्तीने त्यात माणिक लपवलं. तिच्या गुप्तहेराला, पोइरोला, उशीवर चिठ्ठी मिळते: पुडिंग अजिबात खाऊ नका. ही चिठ्ठी लिहिणारी घरातली साधी मोलकरीण असते. लहानपणी चेशरमधल्या अॅबनी हॉलमध्ये काढलेल्या नाताळच्या आठवणींतून ख्रिस्तीने ही कथा रंगवली. आयटीव्हीने डेव्हिड सुशेला घेऊन तिचा भाग केला आणि तो दाखवला फेब्रुवारी १९९१ मध्ये. या ब्रिटिशांना नाताळ कधी असतो ते कुणीतरी सांगायला हवं होतं.

शेवट आधीच कळतो. मग बघायचं कशाला?

कीर्तनाला बसलेल्या बाईला हरिश्चंद्राचं पुढे काय होतं ते ठाऊक नसतं का? तरी डोळ्याला पदर लागतोच. बुवा आज कुठे थांबतात, कुठला दृष्टान्त देतात, यासाठी आपण बसतो. इथेही तसंच.

गुन्हेगार लवकर कसा ओळखायचा?

आईची पद्धत सांगते, दहात सात वेळा बरोबर येते. सुरुवातीला ज्याच्याशी मयताचं कडाक्याचं भांडण होतं, तो नाही. ज्याला पोलीस धरतात, तो नाही. नायिकेचा जवळचा माणूस नाही, नाहीतर पुढच्या भागात दुकान कोण सांभाळणार? जो फारच मदत करतो, ज्याला गोष्टीत तसं काही काम नाही, पण ज्याचा चेहरा ओळखीच्या नटाचा आहे, तो. “एवढे पैसे देऊन आणलाय त्याला, नुसता कोको पाजायला नाही,” असं आई म्हणते.

मधेच सारखं काहीतरी अर्धवट का राहतं?

जाहिरातींमुळे. दोन तासांच्या वेळात सिनेमा साधारण चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी मिनिटांचा. त्याचे बहुधा नऊ तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी प्रेक्षकाने वाहिनी बदलू नये असं काहीतरी ठेवावं लागतं. म्हणून चुंबन होता होता फोन वाजतो, पत्राचं शेवटचं पान फाटलेलं निघतं. जाहिराती काढून बघितलं की हे सांधे उघडे पडतात. एकदा मोजून बघा, मग दुसरं काही दिसतच नाही.

बर्फ खरा असतो का?

बहुतेक वेळा नसतो, आणि याचा साक्षीदार घरचाच आहे. बरेच सिनेमे उन्हाळ्यात चित्रित होतात. फोर्ट लँगली हे बहिणीच्या घराजवळचं टुमदार गाव शूटिंगवाल्यांचं लाडकं. जुलैतल्या एका दुपारी ती आइस्क्रीम खायला म्हणून गेली, तर अर्धा रस्ता पांढरा. तिने फोन फिरवून मला दाखवलं. लांबच्या हिरवळीवर पांढऱ्या जाड कापडाचे ताके अंथरलेले, सतरंजी घालावी तसे. छपरांच्या कडांना फेस मारलेला. ज्या दहा पावलांवर नट चालणार तेवढ्याच जागेत खरा कुटलेला बर्फ, कारण पायाखाली तो करकरला पाहिजे. एक माणूस झाडूने त्याची कड सारखी करत होता, रांगोळीची रेघ पुसावी इतक्या हलक्या हाताने. नायिका लोकरीचा कोट, मफलर, हातमोजे घालून उभी. “कट” म्हटल्याबरोबर दोघी जणी धावल्या, एकीने कोट ओढून काढला, दुसरीने छत्री धरली. आणि फुटपाथवर आमची बहीण, हाफ पँटमध्ये, कोन चाटत.

तेव्हापासून मी दोन गोष्टी बघते. एक, बोलताना तोंडातून वाफ निघते का. बर्फात उभं राहून वाफ नाही, म्हणजे उन्हाळा. दुसरी, मागची झाडं. पाइन, फर असतील तर ठीक. मेपल हिरवागार दिसला की पकडलं. तोही एक रहस्यपटच.

गोष्ट अमेरिकेतली, मग शूटिंग कॅनडात का?

पैसा. ब्रिटिश कोलंबिया आणि ओंटारिओ ही राज्यं स्थानिक लोकांच्या पगारावर झालेल्या खर्चाचा काही भाग करसवलतीतून परत देतात, वर कॅनडाचा डॉलर अमेरिकन डॉलरपेक्षा स्वस्त. सिनेमा पंधरा-वीस दिवसांत उरकायचा असतो. व्हँकुव्हरच्या आसपास अशी कामं वर्षानुवर्षं केलेले सुतार, दिवेवाले, वेशभूषावाले हाताशी असतात. कुठल्या गल्लीत नाताळचे दिवे लावले की मिनेसोटा वाटतं आणि कुठल्या गल्लीत व्हरमाँट, हे त्यांना पाठ आहे.

कॉफीचे कप रिकामे असतात का?

हो. आणि ते झाकूनही लपत नाही. भरलेला कप हातात असला की मनगट जड होतं. यांचे कप फुलपाखरासारखे उडतात.

नायिकेची आई किंवा वडील नेहमी वारलेलेच का?

रिकामी खुर्ची असल्याशिवाय सण पुरा होत नाही म्हणून. आपल्याकडे पहिल्या दिवाळीला ज्या घरात कंदील लागत नाही, त्या घरातल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

मुलांबरोबर बघता येतात का?

दुसऱ्या जातीचे खुशाल. खुनाचे असतील तर दहा-बारा वर्षांपुढची मुलं. शिव्या नाहीत, मारामारी नाही, चुंबन एकच आणि तेही शेवटून दुसऱ्या मिनिटाला. धोका एकच: मूल “सांता खरा नसतो का?” असं विचारेल. काही सिनेमांत सांता खरा असतो, काहींत नसतो. आधी स्वतः बघून घ्या.

सगळी पात्रं एकाच साच्यातली, गोरीच का?

बरीच वर्षं तसंच होतं आणि त्यावर रास्त टीका झाली. २०१९ च्या डिसेंबरात एकमेकींशी लग्न करणाऱ्या दोन नवऱ्यामुलींची जाहिरात हॉलमार्कने आधी काढली, मग आरडाओरडा झाल्यावर माफी मागून पुन्हा घेतली. पुढच्याच वर्षी त्यांच्या नाताळच्या सिनेमात समलिंगी जोडप्याची गोष्ट आली. आता चेहरे पुष्कळ बदललेत. साचा अजून तोच आहे.

सुरुवात कुठून करू?

तुम्हाला होम्स आवडत असेल तर आधी ती निळ्या रत्नाची कथा वाचा, मग ब्रेटचा भाग. बेकरी आणि सासू-सून मालिका दोन्ही आवडत असतील तर हॅना स्वेन्सन. मालिका हवी असेल तर २०२४ ची ‘मिसलटो मर्डर्स’, सारा ड्रूची. नायिका वर्षभर फक्त नाताळच्या वस्तूंचं दुकान चालवते आणि तिचा भूतकाळ तिने कुणाला सांगितलेला नाही.

आपल्याकडे असा सिनेमा होईल का?

वसईत अगदी सहज. बर्फ नको, रस्ते आकाशकंदिलांनी भरलेले असतात, गल्लोगल्ली गोठे सजतात. एकेका गोठ्यावर पोरं महिनाभर राबतात. कथानक माझ्याकडे तयार आहे.

आम्ही डोंबिवलीत राहायचो तेव्हा वरच्या मजल्यावर वसईकडचं एक कुटुंब होतं. नाताळला त्यांच्याकडून ताट यायचं: कुलकुल, करंज्या, केकचा तुकडा, वर विणलेला रुमाल. ताट रिकामं परत करायचं नाही म्हणून आई त्यात साखर घालून द्यायची आणि दिवाळीला आमचा फराळ वर जायचा. एका वर्षी नाताळच्या संध्याकाळी दोन ताटं आली. एक नेहमीचं. दुसरं दाराबाहेर नुसतं ठेवलेलं, स्टीलचं, मागे ‘शां. वि.’ अशी अक्षरं कोरलेली. त्यात फक्त कुलकुल, अजून कोमट. वरच्या काकूंनी हात झटकले, “आमचं नाही हो.” आईने इमारतीतली सत्तावीस घरं पालथी घातली. शां. वि. कुणीच नव्हतं. शेजारच्या दोन इमारतींतही नव्हतं.

कुलकुल आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत संपवले. घर बदललं, भांडी बदलली, ताट अजून आईच्या फडताळात आहे. दर डिसेंबरात ती ते खाली काढते, घासते, थोडी साखर घालून ओट्यावर ठेवते, आणि जानेवारी लागला की साखर डब्यात ओतून ताट परत वर ठेवते.